कर्नलसाहेबांचे दोन दात

खेळात गुडघा फोडून घेतलेला मुलगा घरी आला की आई कळवळते, वडील रागावतात आणि आंबेहळदीचा लेप लावता लावता धीर देण्याचे काम आजोबांकडे येते. इंदुरातल्या जुन्या मराठी घरांतून या कामी आजोबांच्या हाताशी एक कथा आयतीच असे. ती कर्नल सी. के. नायडू यांची. रडवेल्या नातवाला दोन दातांची गोष्ट सांगितली की निम्मे दुखणे तिथेच थांबे.

नायडूंचे घराणे मूळचे तेलुगू, पण कोट्टारी कनकय्या नायडू जन्मले ते नागपुरात, ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी. त्यांचे खेळाचे शिक्षणही तिथलेच. १९१६ मध्ये हिंदू संघातून युरोपियनांविरुद्ध ते प्रथम मोठा सामना खेळले आणि पहिल्याच धावांसाठी त्यांनी षटकार मारला. १९२३ साली तुकोजीराव होळकरांनी त्यांना इंदुरास आणले, संस्थानच्या फौजेत हुद्दा दिला, आणि तेव्हापासून ते इंदूरचे झाले. १९२६ मध्ये मुंबईच्या जिमखान्यावर एम. सी. सी.विरुद्ध ११ षटकारांसह त्यांनी काढलेल्या १५३ धावांची हकिगत वाचकांना ठाऊक आहेच. ती येथे पुन्हा उगाळत नाही.

आपल्याला हवी आहे ती त्यांच्या जखमांची हकिगत. जून १९३२ मध्ये लॉर्ड्‌सवर हिंदुस्थानचा पहिला कसोटी सामना झाला, तेव्हा कर्णधार नायडूच होते. झेल घेण्याच्या प्रयत्नात त्यांच्या हाताला जबर दुखापत झाली. त्याच हातात बॅट धरून ते खेळायला उतरले आणि त्यांच्या ४० धावा पहिल्या डावात आपल्या बाजूच्या सर्वाधिक ठरल्या. पुढे १९३६ साली ओव्हलवर गबी अ‍ॅलनचा उसळता चेंडू त्यांच्या अंगावर असा बसला की ते जवळजवळ कोसळलेच. वय चाळीस. मैदान सोडले असते तरी कुणी नाव ठेवले नसते. नायडूंनी बॅट उचलली आणि ८१ धावा केल्या. तो त्यांचा शेवटचा कसोटी सामना होता.

ज्या वयात इतर खेळाडू आठवणी सांगू लागतात, त्या वयात त्यांनी होळकर संघ घडवला. मुश्ताक अली हा इंदूरचाच पोरगा. त्याला कोवळ्या वयात हेरून, खेळवून त्यांनी पुढे आणले. चंदू सरवटे, माधवसिंग जगदाळे, भाऊसाहेब निंबाळकर ही सारी मंडळी त्यांच्या तालमीत वावरली. १९४५-४६ च्या रणजी अंतिम सामन्यात यशवंत क्लबच्या मैदानावर बडोद्याविरुद्ध नायडूंनी २०० धावा केल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठलेली होती.

या तालमीची शिस्त कडक असे. चेंडू लागला तरी लागलेली जागा चोळायची नाही, तोंड वेडेवाकडे करायचे नाही, गोलंदाजाला आपले दुखणे कळू द्यायचे नाही, असा त्यांचा दंडक इंदुरात प्रसिद्ध होता. ऐकणाऱ्याला हे निर्दयपणाचे वाटेल, आणि थोडे होतेही. मात्र पोरांना तो सोसवला याचे कारण उघड आहे. हुकूम देणारा स्वतः त्यातून सुटत नव्हता.

त्याचा पुरावा १९५१-५२ च्या अंतिम सामन्यात सर्वांनी पाहिला. मुंबईचा दत्तू फडकर हा कोल्हापूरचा गडी, नायडूंहून तीस वर्षांनी लहान. त्याचा एक चेंडू उसळून छप्पन्न वर्षांच्या नायडूंच्या तोंडावर बसला आणि दोन दात निखळले. सांगतात की त्यांनी बॅटने ते दात खेळपट्टीवरून बाजूला सारले, मदतीला धावलेल्यांना परतवले आणि फडकर बिचकून हळू टाकू लागला तेव्हा पूर्वीच्याच वेगाने टाक, असे त्याला बजावले. आता गंमत अशी की होळकर संघ तो सामना ५३१ धावांनी हरला. कथा सांगणारे आजोबा हा भाग बहुधा गाळत. मला तो गाळावासा वाटत नाही. पुढल्याच वर्षी, १९५२-५३ मध्ये, बंगालला मागे टाकून याच कर्णधाराने होळकरांना पुन्हा रणजी करंडक मिळवून दिला, हे त्या पराभवाशेजारी ठेवले तरच कथेला वजन येते.

अर्थात प्रत्येक मार दोन दातांवर निभावत नाही. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोसला नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला चेंडू लागला, तेव्हा शस्त्रक्रिया आणि फ्रँक वॉरेल यांच्यासारख्यांनी दिलेले रक्त यांमुळेच त्यांचे प्राण वाचले. कॉन्ट्रॅक्टर पुढे पुन्हा खेळले, पण कसोटीत नाही. २०१९ पासून तर डोक्याला मार बसलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा उतरवण्याची मुभा नियमानेच आहे. नायडूंचा दंडक आज जसाच्या तसा पोरांना लावणारा शिक्षक मूर्ख म्हणावा लागेल. वेदना गिळणे आणि दुखापत लपवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. धीर देणाऱ्या आजोबांनी आधी पोराला डॉक्टरांकडे न्यावे आणि परतताना वाटेत कर्नलसाहेबांची गोष्ट सांगावी.

नायडू मात्र स्वतःच्या बाबतीत ऐकणारे नव्हते. १९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच सुमारास, एकसष्टीच्या घरात, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळत होते आणि राजस्थानविरुद्ध त्यांनी ८४ धावा केल्या. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाच्या करंडकासाठी आज तेवीस वर्षांखालील मुले खेळतात. त्यांच्या डोक्यावर शिरस्त्राण असते, आणि चेंडू लागला की सीमेवरून पेटी घेऊन माणूस धावत येतो.