पारोळ्याचे हरिभाऊ आणि वाड्यातला अंधार

धुळ्याहून जळगावकडे निघाले की वाटेत पारोळा लागते. तेथील भुईकोट किल्ला प्रवाशांच्या परिचयाचा आहे. परंतु मराठी कादंबरीला वास्तवाची वाट दाखविणारे हरि नारायण आपटे ८ मार्च १८६४ रोजी याच गावी जन्मले, याचे स्मरण थोड्यांनाच असते. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे येथे होते.

हरिभाऊंचे शिक्षण मुंबईत आणि पुढे पुण्यात झाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये त्यांना चिपळूणकर, टिळक व आगरकर यांच्यासारखे गुरू लाभले. १८८२ साली चिपळूणकर निवर्तले, तेव्हा अठरा वर्षांच्या या विद्यार्थ्याने 'शिष्यजनविलाप' हे शोककाव्य रचले. गणिताने मात्र दगा दिला आणि पदवी हुकली. चुलते महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रमाचे व्यवस्थापन पुढे त्यांनी सांभाळले.

त्या काळी मराठी वाचक 'मुक्तामाला', 'मंजुघोषा' अशा अद्भुतरम्य कथांत रमत असे. इंग्रजी शिकलेल्या तरुणांना रेनॉल्ड्सच्या रहस्यमय, भीतिदायक कादंबऱ्यांनी वेड लावले होते. त्याच्या लंडनवरील रहस्यकादंबरीचा आधार घेऊन हरिभाऊंनी १८८५ मध्ये 'मधली स्थिती' लिहिली. सांगाडा उसना होता. आतील माणसे मात्र जुन्या-नव्याच्या कात्रीत सापडलेल्या आपल्याच समाजातील होती.

१८९० मध्ये त्यांनी 'करमणूक' हे साप्ताहिक सुरू केले. त्यातून क्रमशः आलेल्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत परक्या रहस्याची गरजच उरली नाही. भुयारे नाहीत, भुते नाहीत. तरीही यमूची कहाणी वाचताना अंगावर काटा येतो. वैधव्य आल्यावर तिचे बळजबरीने केशवपन होते, तेही घरातल्याच माणसांकडून. ही भीती लंडनच्या गल्ल्यांतली नव्हती, वाचकाच्या स्वतःच्या माजघरातली होती. ती पुस्तक मिटल्यावरही संपत नसे.

'उषःकाल', 'गड आला पण सिंह गेला', 'वज्राघात' या ऐतिहासिक कादंबऱ्यांनी त्यांची कीर्ती वाढविली. १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. पंचावन्नावा वाढदिवस अवघ्या पाच दिवसांवर होता. यमूच्या कादंबरीच्या नावातच त्यांनी ठेवलेला प्रश्न मात्र आजही वाचकासमोर उभा आहे.