अर्थधुरंधर चिंतामणराव देशमुख

परकीय राजवटीत सनदी नोकर म्हणून घडलेला मनुष्य स्वतंत्र देशाच्या मंत्रिमंडळात बसला, तर वरिष्ठांची मर्जी राखणे हाच त्याचा स्वभाव असेल, असा समज सहज होतो. चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या चरित्राने तो खोटा ठरविला.

रायगडाच्या परिसरातील नाते या गावी १४ जानेवारी १८९६ रोजी त्यांचा जन्म झाला. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळविली. केंब्रिजला निसर्गविज्ञानाचे अध्ययन करून १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही त्यांनी पहिला क्रमांक पटकावला. पुढे मध्यप्रांत-वऱ्हाडच्या प्रशासनात त्यांची वर्षे गेली.

१९४३ मध्ये ते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. फाळणीनंतर ३० जून १९४८ पर्यंत हीच बँक पाकिस्तानचेही काम पाहत होती. दोन दुरावलेल्या राष्ट्रांची तिजोरी एका हाताने सांभाळणे किती नाजूक असेल, याची कल्पनाच करावी.

नियोजन मंडळाच्या अधिकारांवरून जॉन मथाई यांनी राजीनामा दिल्यावर १९५० मध्ये अर्थखाते चिंतामणरावांकडे आले. १९५२ मध्ये कुलाब्यातून ते लोकसभेवर निवडून गेले. त्यांच्या कारकिर्दीत पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली, १९५५ मध्ये इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली आणि पाच वर्षांत चारशे नव्या शाखा काढण्याचे बंधन तिच्यावर आले. १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारी झाला. भीमाकाठच्या अफजलपूरसारख्या निजामी मुलखात सात हाली रुपयांस सहा भारतीय रुपये असा हिशेब करीत लोक नव्या चलनाकडे वळले, तेही याच सुमारास.

राज्यपुनर्रचनेत मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्रशासित करण्याचे ठरले, तेव्हा मात्र हा मितभाषी अर्थमंत्री अडून बसला. जानेवारी १९५६ मध्येच त्यांनी राजीनामा देऊ केला होता. तो तेव्हा स्वीकारला गेला नाही. जुलैमध्ये त्यांनी पद सोडलेच, आणि लोकसभेत कारणेही सांगितली. मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळात रीतसर विचार न होता जाहीर झाला, आणि तेथील गोळीबाराची चौकशी नाकारली गेली, हे त्यांचे आक्षेप होते. पंतप्रधान नेहरूंना ते मान्य नव्हते. आक्षेपात प्रांताभिमान होताच, पण कामकाजाच्या शिस्तीचा आग्रह त्याहून प्रखर होता. फायलीवर योग्य टिपण हवे, असे मानणारा जुना अधिकारीच तेथे बोलत होता. पुढच्याच महिन्यात संसदेने विशाल द्विभाषिकाचा पर्याय स्वीकारला आणि मुंबई केंद्रशासित झाली नाही.

नंतर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद आणि दिल्लीचे कुलगुरुपद त्यांनी भूषविले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढविली नसती तर बरे झाले असते. त्या पक्षीय झुंजीत ते तिसरे राहिले. ‘मेघदूता’चे मराठी भाषांतर करणाऱ्या या रसिकाचे अखेरचे दिवस पत्नी दुर्गाबाईंच्या कर्मभूमीत, हैदराबादेत गेले. दुर्गाबाई १९८१ मध्ये वारल्या आणि २ ऑक्टोबर १९८२ रोजी चिंतामणरावांचेही तेथेच निधन झाले.