केरीसाहेब व त्यांचे सोबती

धंदा लहान असो वा मोठा, त्याचा आरंभ करणारा मनुष्य बहुधा भांडवलाची चिंता प्रथम वाहतो. जागा कोणती घ्यावी, पैसा कोठून आणावा, माल कोठे खपेल, ह्या विचारांत त्याच्या रात्री जातात. परंतु आपल्या खांद्याला खांदा लावून काम करावयास कोण येणार, हा प्रश्न तो मागे ठेवतो. वास्तविक पाहता माणसे हेच धंद्याचे मोठे भांडवल होय, आणि हे भांडवल सावकाराच्या पेढीवर मिळत नाही. योग्य मनुष्य योग्य वेळी दाराशी येऊन उभा राहिला, म्हणजे श्रद्धावंतास त्यात परमेश्वराचे मार्गदर्शन दिसते. विल्यम केरी ह्या प्रख्यात पुरुषाचे चरित्र ह्या दृष्टीने वाचण्याजोगे आहे, म्हणून ते आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या वडील मंडळींपुढे थोडक्यात मांडीत आहो.

केरीसाहेबांचा जन्म इंग्लंडातील पॉलर्सपरी नावाच्या खेड्यात ता. १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. वडील हातमागावर कापड विणीत. पुढे ते गावच्या शाळेचे शिक्षक झाले. घरची स्थिती बेताची असल्यामुळे मुलास लहानपणीच जोडे करणाऱ्या कारागिराकडे उमेदवार म्हणून ठेवण्यात आले. त्या दुकानात जॉन वॉर नावाचा दुसरा एक उमेदवार होता. चामडे कापता कापता ह्या दोघांचे धर्मविषयक वाद चालत. वादात केरी हार जात नसत. पण सोबत्याच्या निष्ठेपुढे त्यांचे मन हळूहळू नमले व त्यांच्या आयुष्यास निराळेच वळण लागले. शेजारच्या बैठकीवर कोण बसतो, ह्यावर मनुष्याचे भवितव्य किती अवलंबून असते, ते ह्यावरून दिसून येईल.

पुढे शिक्षक, धर्मोपदेशक व जोडे शिवणारा अशी तिहेरी कामे करीत त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू ह्या भाषा स्वतःच्या उद्योगाने शिकून घेतल्या. सन १७९२ त केटरिंग येथे मिशनरी मंडळी स्थापन झाली व सन १७९३ त केरीसाहेब सहकुटुंब कलकत्त्यास येऊन पोहोचले. त्यांच्याबरोबर डॉ. जॉन टॉमस हे होते. टॉमस मनाचे उदार, परंतु पैशाच्या बाबतीत अत्यंत अव्यवस्थित. त्यामुळे थोड्याच काळात परक्या मुलखात केरी कुटुंबाची अन्नान्नदशा झाली. तथापि त्याच टॉमसच्या ओळखीने मदनाबाटी येथील निळीच्या कारखान्यावर केरीसाहेबांस व्यवस्थापकाची जागा मिळाली. ज्याच्यामुळे संकट आले, त्याच्याच हातून संकटाचा परिहारही झाला.

मदनाबाटीस असताना केरीसाहेबांचा पाच वर्षांचा मुलगा पीटर वारला. पत्नी डॉरथी ह्या मुळात हिंदुस्थानात येण्यास राजी नव्हत्या. त्या आजारी व शोकग्रस्त होऊन पुढे त्यांची बुद्धी भ्रमिष्ट झाली आणि सन १८०७ त मरेपर्यंत त्या बऱ्या झाल्या नाहीत. थोर पुरुषाची स्तुती करताना त्याच्या कार्याची किंमत घरातील दुसऱ्या कोणी मोजली असल्यास, ती गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही.

ह्याच ठिकाणी सन १७९८ त त्यांस एक लाकडी छापयंत्र मिळाले. ते पाहावयास खेडोपाडीचे लोक लोटले व ही साहेब लोकांची मूर्तीच असावी, असे ते म्हणू लागले. बायबलाचे बंगाली भाषांतर बरेचसे तयार होते, यंत्रही आले, पण छापण्याची कला जाणणारा मनुष्य नव्हता. आता इंग्लंड सोडण्यापूर्वी विल्यम वॉर्ड नावाच्या एका तरुण मुद्रकाची व केरीसाहेबांची भेट झाली होती, आणि पुढेमागे तुमच्यासारख्याची आम्हांस गरज लागेल, असे ते त्यास बोलले होते. तो शब्द वॉर्डच्या मनात रुजून राहिला, आणि सन १७९९ च्या ऑक्टोबरात तो बंगालच्या भूमीवर उतरला. त्याच्याच जहाजातून जोशुआ मार्शमन हे शिक्षक व त्यांची कर्तबगार पत्नी हॅना ही आली.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने ह्या मंडळींस आपल्या हद्दीत राहू दिले नाही. तेव्हा हुगळीच्या तीरावर डेन्मार्कच्या राजाच्या ताब्यात असलेल्या श्रीरामपूर गावी त्यांनी आसरा घेतला. (हे श्रीरामपूर कलकत्त्याजवळचे, आपल्या महाराष्ट्रातील नव्हे.) केरीसाहेबांनी आपले बिऱ्हाड मोडून, नुकसान सोसून, ता. १० जानेवारी १८०० रोजी तेथे येऊन त्यांस गाठले. सरकारने दार लावले, म्हणूनच ही माणसे एका छपराखाली आली. केरी भाषांतर करीत, वॉर्ड छापखाना पाहात, मार्शमन पतिपत्नी शाळा चालवीत. सर्वांची मिळकत एकाच तिजोरीत जाई. पुढे फोर्ट विल्यम कॉलेजात केरीसाहेबांस मोठा पगार मिळू लागला, तोही त्यांनी ह्याच तिजोरीत टाकला. दर शनिवारी सायंकाळी सर्वांनी एकत्र बसून आठवड्यातील मतभेद मिटवून टाकावे, असाही त्यांचा नेम होता. केवळ चांगली माणसे मिळाली म्हणजे झाले, असे नव्हे. ती जोडून ठेवण्याची मेहनत मनुष्यानेच करावयाची असते.

आणखी एक उणीव होती. देशी लिपींचे खिळे विलायतेहून करवून आणणे फार खर्चाचे होते. अशा वेळी पंचानन कर्मकार हा कसबी कारागीर श्रीरामपुरास येऊन छापखान्यात पगारावर राहिला. सन १७७८ त छापलेल्या हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठी चार्ल्स विल्किन्सच्या हाताखाली ह्यानेच काम केले होते. पोलादावर अक्षर कोरावयाचे, त्या ठशाने साचा करावयाचा व साच्यात धातू ओतून खिळे पाडावयाचे, ही विद्या त्याच्या बोटांत होती. त्याने ती आपला जावई मनोहर ह्यास दिली व पंचाननाच्या मृत्यूनंतर मनोहराने अनेक वर्षे ते काम पुढे चालविले. हे दोघे हिंदू होते व ख्रिस्ती मंडळींच्या छापखान्यात मानाने राबले. ईश्वर ज्यास पाठवितो तो आपल्याच पंथाचा असेल, असे कोणी समजू नये.

ह्याचा लाभ आपल्या मराठीसही झाला. कॉलेजातील वैजनाथ पंडितांच्या साहाय्याने केरीसाहेबांनी मराठीचे व्याकरण रचले व ते सन १८०५ त देवनागरी खिळ्यांनी छापून निघाले. सन १८१० त मराठी शब्दकोश निघाला, त्यातील मराठी शब्द मोडी अक्षरांत छापलेले होते. सन १८११ त मराठी नवा करार प्रसिद्ध झाला.

ता. ११ मार्च १८१२ रोजी रात्री छापखान्यास आग लागली. कागद, अनेक लिपींचे खिळे, वर्षानुवर्षे खपून लिहिलेली हस्तलिखिते जळून गेली. सुमारे सत्तर हजार रुपयांचे नुकसान झाले. केरीसाहेब त्या दिवशी कलकत्त्यास होते. परत येऊन त्यांनी ती राख पाहिली, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत अश्रू उभे राहिले. पण वॉर्डने ढिगारा उपसून पाहिला तो पोलादी ठसे शाबूत! बाजूच्या खोलीतील छापयंत्रेही वाचली होती. वितळलेली धातू गोळा करून रात्रंदिवस नवे खिळे पाडण्यात आले व काही आठवड्यांत छपाई पुन्हा सुरू झाली. पैशाने घेतलेले पुष्कळसे गेले. पंचानन व मनोहर ह्यांच्या हातचे कसब मात्र अग्नीतून सुखरूप बाहेर आले.

तथापि जे आले ते सर्व टिकले, असे नाही. वॉर्डबरोबर आलेला ग्रँट केरीसाहेबांची भेट होण्यापूर्वीच वारला. ब्रन्सडन दोन वर्षांच्या आत गेला. पुढे आलेल्या काही तरुण मंडळींचे वडीलधाऱ्यांशी पटले नाही व ती वेगळी झाली. सन १८२३ त वॉर्ड पटकीने वारला. ईश्वरी मार्गदर्शन म्हणजे निर्वेध वाट, अशी केरीसाहेबांची समजूत असती तर त्यांनी केव्हाच धीर सोडला असता. जो सोबती आज मिळाला आहे त्याच्याबरोबर आजचे काम करावे व तो काढून नेला गेला तरी देणाऱ्याविषयी संशय घेऊ नये, अशी त्यांची वृत्ती होती. ता. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरास त्यांचा अंत झाला. तोवर त्या छापखान्यातून सुमारे चाळीस भाषांतील पुस्तके बाहेर पडली होती.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी कोणी पुढे दुकान घालील, कोणी कारखाना काढील, कोणी छापखाना चालवील. तेव्हा आपणांस आकाशवाणी होईल अशी वाट पाहू नका. दाराशी कोण येतो ते पाहा; त्याचा धर्म, गाव व पोशाख पाहण्यापूर्वी त्याचे हात व त्याची निष्ठा पाहा; आणि त्याच्यावर विश्वास टाकताना कंजूषपणा करू नका. परमेश्वर आपले उत्तर पुष्कळ वेळा माणसाच्या रूपाने पाठवितो. ते ओळखून त्याचा आदर करणे, एवढे आपल्याकडे उरते.