विश्लेषण : कंपवातातील शरीराचा बाक कॅमेऱ्याने मोजण्याची सुरुवात कुठे झाली?

कंपवाताच्या (पार्किन्सन) रुग्णाचे शरीर किती अंशांनी झुकले आहे, हे आता साध्या छायाचित्रावरूनही मोजता येते. रुग्णाच्या ठेवणीकडे कॅमेऱ्यातून बारकाईने पाहण्याची ही वाट पॅरिसमधील एका डॉक्टरपर्यंत मागे जाते. ते म्हणजे ज्याँ-मार्तँ शार्को.

शार्को कोण होते?

२९ नोव्हेंबर १८२५ रोजी पॅरिसमध्ये घोडागाड्या बनवणाऱ्या कारागिराच्या घरी त्यांचा जन्म झाला. १८६२मध्ये ते साल्पेत्रिएर रुग्णालयात रुजू झाले. तेथे सुमारे पाच हजार स्त्रिया राहत. त्यात बहुतेक गरीब, वृद्ध किंवा दीर्घ आजारी. शार्को यांनी त्यांची वर्षानुवर्षे निरीक्षणे नोंदवली आणि मृत्यूनंतर शवविच्छेदनातून ती पडताळली. १८८२मध्ये मज्जासंस्थेच्या विकारांचे अध्यासन त्यांच्यासाठी निर्माण झाले. सिग्मंड फ्रॉइडही त्यांच्याकडे शिकून गेले.

कंपवाताशी त्यांचा संबंध काय?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७मध्ये या आजाराचे वर्णन केले. तेव्हा त्याला थरथरणारा पक्षाघात म्हटले जाई. शार्को यांना हे नाव पटले नाही. रुग्णांना पक्षाघात नसतो आणि सर्वांनाच कंप सुटतो असेही नाही, हे त्यांनी दाखवले. स्नायूंचा ताठरपणा आणि हालचालींतील मंदपणा ही वेगळी लक्षणे आहेत, हे स्पष्ट करून त्यांनी आजाराला पार्किन्सन यांचे नाव दिले. मान पुढे, पाठीला बाक, कोपर व गुडघे वाकलेले ही ठेवण त्यांनी टिपलीच. पण उलट ताठ राहणारे रुग्णही विद्यार्थ्यांसमोर उभे केले.

कॅमेरा रुग्णालयात कसा आला?

१८७०च्या दशकात साल्पेत्रिएरमधील रुग्णांच्या छायाचित्रांचे संग्रह प्रसिद्ध होऊ लागले. पुढे छायाचित्रकार अल्बेर लाँद यांनी तेथे अनेक भिंगांचा कॅमेरा वापरला. त्यामुळे एकाच हालचालीचे लागोपाठ टप्पे टिपता येऊ लागले. शार्को स्वतः उत्तम रेखाटने करत. सहकारी पॉल रिशे चित्रकार व शिल्पकार होते. डॉक्टरच्या आठवणीत राहणारी ठेवण आता कागदावर आली. दोन रुग्णांची किंवा एकाच रुग्णाची दोन वेळची तुलना शक्य झाली.

आक्षेप कोणते?

याच कॅमेऱ्याने शार्को यांना फसवलेही. उन्मादाच्या (हिस्टेरिया) रुग्ण स्त्रियांची छायाचित्रे त्यांनी पुरावा म्हणून मांडली. मात्र त्यातील बरेच काही डॉक्टरांच्या अपेक्षेतून, सूचनेतून घडत होते, असे पुढे त्यांचे शिष्य बाबिन्स्की यांनीच मांडले. त्या गरीब स्त्रियांना नकार देण्याची मुभा कितपत होती, हा प्रश्नही आज विचारला जातो.

आज मोजमाप कसे होते?

रुग्णाला समोरून व बाजूने टिपून धड उभ्या रेषेपासून किती कलले आहे, तो कोन काढतात. बाजूला १० अंशांहून अधिक कल असल्यास त्याला ‘पिसा सिंड्रोम’ म्हणतात. नाव पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून आले. संगणक आता सांधे स्वतः ओळखतो. पण सैल कपडे किंवा तिरपा धरलेला कॅमेरा आकडा बिघडवतो. शिवाय कुणी पाहत आहे म्हटल्यावर रुग्ण सरळ उभा राहण्याचा प्रयत्न करतो. म्हणून डॉक्टर सहज उभी असलेली आणि सांगून सरळ केलेली, अशा दोन्ही ठेवणी पाहतात.

१६ ऑगस्ट १८९३ रोजी शार्को यांचे निधन झाले. दोन वर्षांनी रिशे यांनी कंपवाताने वाकलेल्या एका स्त्रीचे शिल्प घडवले. कोन मोजणारी यंत्रे सुधारली, तरी चौकटीत उभी असते ती व्यक्तीच. शार्को यांच्या यशाइतकाच त्यांच्या चुकीचाही हाच धडा आहे.