वाटीचे माप देणाऱ्या कमलाबाई

थोरांची चरित्रे आपण वाचतो ती बहुधा रणांगणावरची, तुरुंगातली नाहीतर व्यासपीठावरची. मी सांगणार आहे ते चरित्र चुलीपुढचे आहे.

कमलाबाई ओगले यांचा जन्म १९१३ साली किर्लोस्करवाडीजवळच्या कुंडल गावी झाला. शिक्षण मराठी चौथीपर्यंत. लहान वयात लग्न झाले आणि स्वयंपाकाचे खरे धडे त्यांनी सासूबाईंच्या हाताखाली गिरवले. त्याच कमलाबाईंचे 'रुचिरा' १९७० साली प्रसिद्ध झाले आणि त्याच्या लाखावर प्रती खपल्या. लग्नात नवरीला हे पुस्तक देण्याची चाल पडली. म्हणून लोक कौतुकाने त्यांना सव्वा लाख सुनांची सासू म्हणू लागले.

या यशाचे मर्म मला मापात दिसते. जुन्या पाकपुस्तकांत शेर आणि तोळे असत. घरातल्या बायका मूठ आणि अंदाज सांगत. १९५६ च्या कायद्याने दशमान वजने आली आणि एप्रिल १९६२ पासून बाजारात किलो सक्तीचा झाला. पण तराजू दुकानात होता, माजघरात नव्हता. कमलाबाईंनी घरोघरी असणारी वाटी आणि चमचा घेतला आणि अंदाजाला आकड्यात बसवले.

माझी आईदेखील चौथीच शिकलेली. अकोल्याकडच्या आमच्या खेड्यात आजी अजून पायलीच्या हिशेबानेच ज्वारीबद्दल बोलते. महाविद्यालयाच्या ग्रंथालयातून मी अमरावतीहून 'रुचिरा' घरी नेले, तेव्हा आई अक्षर लावीत वाचत बसली. दिवाळीला वाटीने मापून तिने नानकटाईचे पीठ मळले. मी डबा घेऊन भट्टीवर गेलो. भट्टीवाल्याने विचारले, मैदा किती किलो? भाजणावळ किलोवर होती. मला सांगता येईना. त्यातून नानकटाई पसरून एक झाली. आई दिवसभर बोलली नाही. आपल्याला पुस्तकातले जमत नाही, एवढेच ती संध्याकाळी म्हणाली.

चूक माझी होती. मैदा मी लहान वाटीने घातला होता आणि तूप मोठ्या. दुसऱ्या दिवशी एकच वाटी घेऊन मी किराणा दुकानात गेलो आणि वाटीचे वजन वजा करून एकेक जिन्नस तोलला. मैदा ८५ ग्रॅम भरला, रवा ११०, साखर १३५, पातळ तूप १४५. वाटी तीच, वजने चार! मैदा दाबून भरला तर तोही शंभरावर गेला. मग कळले की वाटीचे प्रमाण खोटे नसते. वाटी एकच हवी आणि भरण्याची रीतही एकच हवी. जिन्नस घराबाहेर, विकण्याच्या भट्टीत गेला की मात्र वजन लागते.

हे आकडे मी वहीच्या पानावर लिहून फडताळाला चिकटवले. पुढची नानकटाई साधली. आता आई शेजारणींना ग्रॅम सांगते.

कमलाबाई १९९९ साली निवर्तल्या. चौथी शिकलेल्या बाईने चौथी शिकलेल्या बायकांना त्यांच्याच भांड्यांत हिशेब शिकवला. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिला. पण प्रमाण म्हणजे काय, हे मला या दोघींनी शिकवले.