सुरामागचे नाव

लग्नाची वरात असो की गणपतीची मिरवणूक, बँडवाल्यांनी ‘अलबेला’तली चाल धरली की आपल्या नाशिकच्या कोणत्याही गल्लीत पाय आपोआप ठेका धरतात. चाल कोणाची, असे विचारले तर जाणकार मनुष्य सी. रामचंद्रांचे नाव घेईल. ते पुणतांब्याचे, म्हणजे शेजारच्याच जिल्ह्यातले, म्हणून जरा अभिमानाने घेईल. पण त्या संगीतात ट्रम्पेटची झिंग भरणारा कोण, हे सहसा कोणी विचारीत नाही. त्याचे नाव चिक चॉकलेट!

हे अर्थातच टोपणनाव. खरे नाव अँतोनियो झेवियर वाझ. जन्म १९१६ सालचा, गोव्यातील बार्देश तालुक्यातल्या हळदोणे गावचा. मुलाने मेकॅनिक व्हावे, चांगली नोकरी धरावी, ही आईची इच्छा. गरिबाघरच्या आईने दुसरे काय मागावे? परंतु पोर्तुगीज अमदानीत चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवीत. त्या शिक्षणाने वाझ यांना वेगळीच वाट दाखविली.

१९३५ मध्ये लिऑन ॲबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला जॅझचे वेड लागले. गोव्याच्या तरुण वादकांनी ही विद्या पाहून, ऐकून आत्मसात केली. वाझ यांनी लुई आर्मस्ट्राँग यांना गुरुस्थानी मानले. ट्रम्पेटची फेक आणि घोगरा गळाही त्यांच्यासारखाच कमावला. ही एकलव्याची साधना होती. चाळिशीच्या दशकात त्यांचा स्वतःचा बँड ताजमध्ये वाजू लागला आणि लोक त्यांना भारताचे आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

पण दिवस पालटले. इंग्रज गेले, १९४९ मध्ये मुंबई प्रांतात दारूबंदीचा कायदा झाला आणि हॉटेलांतल्या मैफली ओसरू लागल्या. सुदैवाने चित्रपटसृष्टीला अशा वादकांची निकड होती. संगीतकाराने चाल गुणगुणावी. तिची स्वरलिपी उतरवून, कोणते वाद्य कोठे वाजेल हे ठरविण्याचे काम बहुधा गोव्याच्या वादकांनी करावे, अशी रीत पडली. चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचे साहाय्यक झाले. १९५१ च्या ‘अलबेला’त तर झालरीच्या बाह्यांचे सदरे घातलेला त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. त्याच वर्षी ‘नादान’ या चित्रपटाला त्यांनी स्वतंत्रपणे संगीत दिले. एरवी मात्र असंख्य वादकांची नावे ना श्रेयनामावलीत आली, ना तबकड्यांवर.

१९६७ च्या मे महिन्यात, पन्नाशी गाठून फार काळ लोटण्याआधीच, ते गेले. पुढे जॅझचे दिवसही सरले. गाणी घराघरांत वाजत राहिली, वाजविणारे विस्मरणात गेले.

हे विस्मरण दूर व्हायला चार दशके लागली. ग्रेगरी बूथ या अभ्यासकाने वृद्ध वादकांना भेटून त्यांच्या हकिकती टिपल्या आणि २००८ मध्ये पडद्यामागच्या या जगावर ग्रंथ लिहिला. त्यानंतर नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ या पुस्तकाने मुंबईच्या जॅझयुगाला नवे वाचक मिळवून दिले. चिक चॉकलेट पुन्हा लोकांच्या बोलण्यात आले. त्यांच्या जुन्या ध्वनिमुद्रिकांचा शोध सुरू झाला.

मित्रहो, ताजमहालाचे नाव घेताना आपण शहाजहान म्हणतो. पाथरवटांची नावे आपल्याला ठाऊक नसतात. चिक चॉकलेट यांचे नाव तरी हाती लागले. त्यांच्या शेजारी बसून वाजविणाऱ्या कितीजणांचे ते भाग्य नव्हते! यात सी. रामचंद्रांचा मोठेपणा तसूभरही उणा होत नाही. कलाकृती अनेक हातांची असते, एवढेच त्यातून शिकायचे.

तेव्हा पुढच्या मिरवणुकीत ती चाल वाजली की नाचा, जरूर नाचा. मात्र नाच थांबल्यावर त्या घामाघूम ट्रम्पेटवाल्यापाशी जाऊन त्याचे नाव तेवढे विचारा.