लॅटिन येत नाही? मग परीक्षा नाही!

‘व्हॅन डर वाल्स फोर्सेस’ बारावीपर्यंत आपण सगळ्यांनीच घोकलेत. रेणूंमधली क्षीण आकर्षणबलं. पेपरात लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. पण या नावामागच्या माणसाची गोष्ट सिलॅबसमध्ये नसते.

योहानेस व्हॅन डर वाल्स १८३७ साली नेदरलँड्समधल्या लायडनमध्ये एका सुताराच्या घरी जन्मले. दहा भावंडांत थोरले. कॉलेजची वाट दाखवणारी शाळा त्यांच्या वाट्याला आलीच नाही. ते प्राथमिक शाळेत मास्तर झाले. गावातल्याच विद्यापीठात लेक्चरला बसायला मिळायचं, पण डिग्रीची परीक्षा देता येत नव्हती. कारण काय, तर लॅटिन आणि ग्रीक येत नाही! तरी नोकरी सांभाळून ते शिकत राहिले. पुढे सायन्सवाल्यांसाठी ही अट सुटली आणि १८७३ मध्ये, वयाच्या पस्तिशीत, त्यांना डॉक्टरेट मिळाली.

प्रबंधातला प्रश्न साधा होता. वायूचं नेहमीचं सूत्र धरून चालतं की रेणूंना आकार नसतो आणि ते एकमेकांना ओढतही नाहीत. मग वायू थंड करून दाबला की त्याचा द्रव कसा होतो? व्हॅन डर वाल्स यांनी सूत्रात दोन दुरुस्त्या केल्या. रेणू जागा व्यापतात आणि एकमेकांना किंचित ओढतात. तेच आपले ‘ए’ आणि ‘बी’. रेणू खरोखर असतात का, यावरच तेव्हा अनेकांना शंका होती!

१८७७ मध्ये ते ॲमस्टरडॅममध्ये प्रोफेसर झाले. पण १८८१ मध्ये पत्नी ॲना क्षयाने गेली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी. पदरी चार मुलं. त्यानंतर जवळपास दहा वर्षं त्यांनी काहीच प्रसिद्ध केलं नाही.

त्यांचं आधीचं काम मात्र थांबलं नव्हतं. कुठला वायू किती थंड केला की द्रव होईल, याचा अंदाज त्यांच्या सिद्धांतावरून बांधता येत होता. त्याच्याच आधारे १९०८ मध्ये कॅमरलिंग ओनेस यांनी उणे २६९ अंशांना हेलियमचा द्रव केला. तोही लायडनमध्येच! १९१० मध्ये व्हॅन डर वाल्स यांना नोबेल मिळालं. १९२३ मध्ये ते गेले.

आणि हो, तो प्रबंध त्यांनी मायबोलीत, डचमध्ये लिहिला होता. तो वाचायला संशोधक डच शिकू लागलेत, हे खुद्द मॅक्सवेल यांनी नोंदवून ठेवलंय.